दिवसाची खाट

सोपानराव गिराम कुरुळीतल्या एका गोदामाचे रखवालदार होते. रात्री दहा ते सकाळी सहा या तिसऱ्या शिफ्टमध्ये ते गाड्यांच्या सुट्या भागांनी भरलेल्या चार हजार खोक्यांना सुखाने झोपू देत असत. स्वतःच्या झोपेची सोय मात्र त्यांना चार महिन्यांत लावता आली नव्हती. सहा जणांनी मिळून घेतलेली खोली रस्तारुंदीकरणात पाडली गेली. बाकीचे पाच आपापल्या गाववाल्यांकडे पांगले. परभणीकडचे असे एकटे सोपानरावच उरले.

काळेवाडीत बेघरांसाठी महापालिकेचा बारा खाटांचा एक रात्रनिवारा होता. तो संध्याकाळी सातला उघडे आणि सकाळी सातला बंद होई. शिफ्ट संपवून, दोन बस बदलून सोपानराव तेथे पोहोचत तेव्हा आठ वाजत आलेले असत आणि काळजीवाहक मालोजी दाराला कुलूप घालून पायरीवर तंबाखू मळत बसलेले असत.

"रात्री या की, पाव्हणं," मालोजी म्हणत. "बारातल्या पाच खाटा रोज मोकळ्या ऱ्हात्यात."

"रात्री मी कामावर असतो की हो."

"मंग झोपायचं दिवसा कशाला काढता?"

सोपानराव वळून परतीची बस धरत. ते निगडीच्या बसस्थानकावर जात आणि बाकावर ताठ बसून झोपत, कारण आडवे होणाऱ्याला तेथून उठवले जाई. ताठ बसून घेतलेली झोप शरीराला लागत नाही. गेल्या आठवड्यात गोदामाच्या फाटकावर त्यांना उभ्याउभ्या डुलकी लागली. सुपरवायझरने बजावले, की पुन्हा असे दिसले तर दुसरा माणूस बघावा लागेल. सोपानरावांची नोकरी आता एका खाटेवर येऊन ठेपली होती.

बसस्थानकावरच त्यांना मंजुषा भेटली. समाजकार्याचे शिक्षण घेतलेली ही मुलगी बेघरांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या एका नागरिक समितीची चिटणीस होती. गेल्या वर्षी समितीने महापालिकेला सतरा मागण्यांचे निवेदन दिले, तर त्या सतरा मागण्या सतरा टेबलांवर गेल्या आणि तेथेच स्थिरावल्या. म्हणून यंदा फक्त तीन मागण्या मांडायच्या आणि त्या कोणत्या, हे रविवारच्या बैठकीत ठरवायचे होते.

"काका, तुम्ही दोन मिनिटं बोला. दिवसाच्या खाटांचं. बाकी मी बघते."

रविवारी सोपानराव शिफ्टवरून थेट निगडी प्राधिकरणातल्या सभागृहापाशी गेले आणि दार उघडेपर्यंत पायरीवर बसून राहिले. दोन मिनिटांचे बोलणे त्यांनी रात्रभर खोक्यांसमोर घोकले होते.

बैठक अकराला सुरू झाली आणि रिवाजाप्रमाणे आधी सत्कार निघाले. अध्यक्ष दिग्विजयराव एका कंपनीतून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, सज्जन आणि शिस्तप्रिय गृहस्थ होते. पाहुण्याला हार घातल्याशिवाय त्याचे म्हणणे ऐकणे त्यांना असभ्यपणाचे वाटे. त्यांनी मालोजींना निष्ठावान सेवेबद्दल शाल दिली. सोपानरावांना बेघरांचे प्रतिनिधी म्हणून शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचे मोठे घड्याळ दिले.

सोपानरावांनी ते दोन्ही हातांनी धरले. "साहेब, लई भारी आहे. फक्त भिंत तेवढी बघावी लागंल."

सर्वांनी टाळ्या वाजवल्या. मग त्या वाक्याचा अर्थ एकेकाच्या ध्यानात येत गेला, तशा टाळ्या कमी होत गेल्या.

त्यानंतर प्रास्ताविक झाले, मनोगते झाली, आणि सोपानरावांची दोन मिनिटे वेळेअभावी मतदानानंतर ठेवण्यात आली. भिंतीवर अकरा मागण्यांचा तक्ता होता. निवाऱ्याच्या भिंतींवर प्रबोधनपर चित्रे, योगवर्ग, वाचनालय, निवाऱ्याला भारदस्त नाव, आणि सर्वांत खाली, मंजुषाच्या बारीक अक्षरात, दिवसाच्या खाटा. प्रत्येकाने आपल्या पसंतीच्या तीन मागण्यांपुढे एकेक अशा तीन टिकल्या लावायच्या होत्या. रंगीत ठिपके दुकानात मिळाले नव्हते, म्हणून खजिनदार जयमालाताईंनी आपल्या कपाळाच्या टिकल्यांचे पाकीट आणले होते.

"दिवसाच्या खाटा जरा अव्यवहार्य वाटतात," दिग्विजयराव म्हणाले. "रात्रनिवारा आहे तो. नियम म्हणजे नियम. मी हात धुऊन येतो, मग सुरू करू."

मंजुषाने सोपानरावांकडे पाहिले. गादीच्या खुर्चीत, पंख्याखाली, ते ताठ बसले होते. डोळे अर्धे उघडे होते. झोप मात्र पूर्ण लागली होती.

बाराच्या ठोक्याला त्यांच्या मांडीवरच्या घड्याळाने सूर धरला. गोदामात दर तासाला फेरी मारावी लागते, आणि अंगवळणी पडलेली फेरी झोप उतरण्याची वाट पाहत नाही. सोपानरावांनी झोपेतच घड्याळ खाली ठेवले, उठून खिडक्यांच्या कड्या ओढून पाहिल्या, कपाटाचे कुलूप दोनदा हिसडले, जयमालाताईंची पर्स टेबलाच्या कडेवरून आत सरकवली, आणि ते दारात जाऊन उभे राहिले. समोरून हात पुसत दिग्विजयराव आले.

"गेटपास?" सोपानराव म्हणाले.

"काय?"

"गेटपास दाखवा साहेब."

"अहो, मी अध्यक्ष आहे इथला!"

"सगळे तसंच सांगतेत. टाइम संपला. नियम म्हणजे नियम, वरून ऑर्डर आहे."

दिग्विजयराव डावीकडून गेले, तर सोपानराव डावीकडे सरकले. उजवीकडूनही तेच झाले. कोणीतरी "निषेध आहे का हा?" असे कुजबुजले. मालोजींना मात्र हसू आवरेना.

"आरं देवा! रोज सकाळी मी ह्यांना असंच आडवतो. बघायला लई ग्वाड दिसतंय ओ. आपण आडवताना कळत न्हाई."

मंजुषाने हळूच सोपानरावांच्या खांद्याला हात लावला. "काका, शिफ्ट संपली."

ते जागे झाले. समोर घामाघूम अध्यक्ष पाहून त्यांनी दार मोकळे केले. "चुकलं साहेब. झोप झाली नाही तर माणूस कुठं आहे ते त्यालाच कळत नाही. एवढंच बोलायचं होतं मला. दोन मिनिटं लागत नाहीत त्याला."

दिग्विजयराव खुर्चीत बसून रुमालाने कपाळ पुसू लागले. बोलल्या त्या जयमालाताई.

"मालोजी, निवारा सातला बंद कशासाठी करता?"

"झाडलोट असती, ताई."

"किती वेळ लागतो?"

"पाऊण तास. फरशी पुसायची म्हटली तर एक."

"म्हणजे आठ. आठ ते संध्याकाळचे सात काय असतं?"

मालोजींनी शालीचा पदर चाचपला. "मंग... जरा पाठ टेकतो मी."

"कशावर?"

"खाटंवर," मालोजी म्हणाले, आणि सभागृहाकडे न बघता पुढे म्हणाले, "एकाच. बाकीच्या अकरा तशाच ऱ्हात्यात."

"आणि हा नियम लिहिलाय कुठे?" दिग्विजयरावांनी विचारले.

"पाटीवर. पाटी मीच रंगवलीया."

मतदान झाले. प्रबोधनपर चित्रांना दोन टिकल्या पडल्या. दिवसाच्या खाटांसमोर इतकी गर्दी झाली, की मंजुषाचे बारीक अक्षर टिकल्यांखाली दिसेनासे झाले. दिग्विजयरावांनी आपल्या तिन्ही टिकल्या तेथेच लावल्या. हे नियमात बसत नाही, असे त्यांना कोणी सांगितले नाही.

"पण निवेदन जाणार, मंजुरी येणार, म्हणजे दोन-तीन महिने तरी," मंजुषा म्हणाली.

मालोजींनी सोपानरावांकडे तिरपे पाहिले. "पाटी काय, उद्या पुसता यील. आठाला या, पाव्हणं. खिडकीजवळची माझी हाय, ती सोडून कंची बी घ्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी निवेदन तयार झाले. प्रतिनिधीची सही तेवढी बाकी होती आणि महापालिकेचे कार्यालय पाचला बंद होणार होते. दीड वाजता मंजुषाने सोपानरावांना फोन लावला. तो मालोजींनी उचलला.

"काका आहेत का? सही हवी होती. तातडीची आहे."

"झोपल्यात."

"दोन मिनिटांसाठी उठवा ना."

पलीकडे मालोजींचा आवाज एकदम खाली आला. "न्हाई ताई. शिफ्टचा मानूस हाय. चारला या, मंग बघू. आन् येताना चपला भाईर काढा, वाजत्यात."