फळीवरचा हिरवा नमुना

या मित्रांनो, टेका जरा. फळीला रेलू नका तेवढं, ती हलली की शेजारची फरशी लगेच कुरकुरते. तुम्हाला एक गोष्ट सांगतो. हसू फारसं यायचं नाही तिच्यात, पण ऐका.

मी एक जुना नमुना आहे. वर्गातल्या वांड पोराला 'काय नमुना आहे' म्हणतात ना, तसला नव्हे. मी भिंतीला लावायच्या लादीचा नमुना. तळहाताएवढा, पांढऱ्या सिमेंटचा, आणि अंगभर हिरव्या काचेचे तुकडे. नव्या इमारतीत काय वापरायचं हे ठरवायला आर्किटेक्ट लोक आमच्यासारखे तुकडे मागवतात, हातात धरून बघतात. एकाला हो म्हणतात, बाकीचे बसतात फळीवर.

मला घडवलं एका बापलेकीनं. बाप फुटक्या बाटल्या विकत घ्यायचा, म्हणून सगळे त्याला बाटलीशेठ म्हणायचे. शेठ नुसता नावाचा, शर्टाला धड बटणं असली तर नशीब. लेक मात्र डोकेबाज. तिच्या मनात आलं, या काचा सिमेंटमध्ये घालून लादी केली तर? किती फसल्या! कुणाला भेग गेली, कुणी साच्यातून निघेचना. शेवटी जमलं एकदाचं. तेवढ्यात एका आर्किटेक्टबाईंचा निरोप आला. नव्या वाचनालयाच्या भिंतीला काहीतरी वेगळं हवंय, नमुना घेऊन या.

मग काय विचारता! लेकीनं अख्खा ढीग उपसून एकाच जातीच्या हिरव्या बाटल्या वेचल्या. एकेक तुकडा चिमट्यानं बसवला. मग घासणं. जेवता जेवता घासणं, बोलता बोलता घासणं.

"अगं, लादी करतेयस की दागिना?" बाप म्हणाला. "पुरे की आता."

"गप हो बाबा. पहिल्यांदाच कुणीतरी आपल्याला पुढच्या दारानं आत बोलावलंय."

"अख्खी भिंत अशी घासत बसलीस तर मी नातवंडं कधी बघायची?"

ती हसली, आणि घासतच राहिली.

बाईंनी मला खिडकीशी नेऊन उन्हात धरलं. माझ्यातून हिरवा उजेड त्यांच्या मनगटावर सांडला. "हेच," त्या म्हणाल्या, "हेच हवं होतं मला." मी तर असा फुगलो, की सिमेंट होतं म्हणून फुटलो नाही.

बापलेक कामाला लागले. पण भिंत केवढी! तेवढ्या हिरव्या बाटल्या आणायच्या कुठून? लोक टाकतात त्याच येणार. तपकिरी, पांढऱ्या, मधूनच निळसर. घासायला मशीन भाड्यानं आणलं. लाद्या चांगल्या झाल्या, आपटल्या तरी फुटायच्या नाहीत. फक्त माझ्यासारख्या नव्हत्या.

पहिली रांग भिंतीला लागली, त्या दिवशी बाई मला पर्समधून घेऊन गेल्या. त्या लाद्यांना खेटून मला धरलं. मित्रांनो, त्या माझ्या सख्ख्या बहिणी. आमची ती पहिलीच भेट, आणि मला आणलं होतं त्यांना हरवायला.

बाई ओरडल्या असत्या तर परवडलं असतं. त्या हळूच म्हणाल्या, "मी याला हो म्हटलं होतं. हे ते नाहीये."

बाप लेकीच्या कानाशी लागला, "सांग ना त्यांना, वेचून वेचून केला होता म्हणून."

"काय सांगू? एक दाखवलं आणि दुसरंच दिलं, असं?"

"अगं, आपण काय कुणाला फसवलं?"

"नाही बाबा. पण त्यांना दुसरं काय वाटणार?"

मला तोंड असतं ना, तर म्हणालो असतो, बाई, माझ्यात या पोरीची सगळी हौस ओतलीय. तेवढी हौस अख्ख्या भिंतीला कशी पुरणार? पण मी पडलो दगड.

रांग उतरवली. तिथे दुसरंच काहीतरी लागलं. लेकीनं साचे मोडीत काढले आणि पुन्हा बाटल्या निवडायला बसली. हे मला कळलं कसं? बाई एकदा त्या वाटेनं गेल्या होत्या. परत येऊन ऑफिसातल्या मदतनिसाला सांगत होत्या.

"त्या लाद्या त्यांनी अंगणात घातल्यात रे. पाय पडून पडून काय झळाळी आलीय! सगळे रंग एकमेकांत मुरलेत."

"मग आत गेलात का बाई?"

"कुठल्या तोंडानं जाऊ?"

मी आपला इथेच. येणारा जाणारा मला उचलतो, म्हणतो, "वा, काय चीज आहे!" आणि बाई दरवेळी म्हणतात, "हो ना. पण आता कुणी बनवत नाही." मला परत ठेवतात. कौतुक इतकं जड असतं, हे मला या फळीवर समजलं.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलं कुणी घर बांधेल, कुणी शाळा. तेव्हा त्या बाटल्यांच्या दुकानाशी जा. अंगणात उभे राहा, हाक मारा. पायाखालच्या लाद्या दाखवा आणि म्हणा, "ताई, आम्हाला या हव्यात. अगदी अशाच." एवढं कराच माझ्यासाठी. आणि हो, जाताना मला बरोबर नेऊ नका.