आंब्यावरून पडल्याचा वण

रविवारची सकाळ. मुलुंडच्या चाळीत पाणी येऊन गेलं होतं. अनुपमा नवऱ्याच्या अंगाला तेल चोळत होती. डाव्या दंडावरच्या जुन्या वणापाशी तिचं बोट अडलं. कातडीखाली वाटाण्याएवढं काहीतरी टणक लागत होतं.

“अहो, हे काय?”

नंदकुमार बोलायच्या आत सासूबाई, रुक्मिणीबाई, चुलीपाशी बसूनच म्हणाल्या, “काय नाय गो. ल्हानपणी आंब्यावरसून पडलो, त्येचो वण तो.”

वण पट्टी ठेवून आखल्यासारखा सरळ होता. पण लग्नाला चारच महिने झालेले. नव्या सुनेने शंका काढायची नसते.

दुपारी सासूबाई शेजारी गेल्यावर नंदकुमार हळूच म्हणाला, “गाठ होती गं. गावाला काढली. परत आली तर मोठ्या इस्पितळात न्या, असं डॉक्टर म्हणालेला. आई म्हणाली, हे कळलं तर मुलगी कोण देईल?”

त्या आंब्यावरून कुणीच कधी पडलं नव्हतं. स्थळं बघायला लागलं की असे आंबे आपल्या कितीतरी घरांत उगवतात.

सासूबाई त्याला जवळच्याच दवाखान्यात घेऊन गेल्या. तिथे डॉक्टरांनी विचारलं, “इथे आधी चिरलं होतं का?”

“नाय हो, आंब्यावरसून…” सासूबाईंनी सांगून टाकलं. नंदकुमार स्वतःच्या पायांकडे बघत राहिला. अनुपमाने ओठांवर आलेलं गिळलं. साधी चरबीची गाठ समजून डॉक्टरांनी बारीक चीर दिली आणि तेवढीच काढली.

माणिक जन्मली आणि गाठ परत आली. लिंबाएवढी, मग मुठीएवढी. “पांढऱ्या पायाचा ईला घरात,” सासूबाई सुनेबद्दल चाळभर सांगत.

परळच्या मोठ्या इस्पितळातही त्या म्हणाल्या, “पहिलीच वेळ, डॉक्टर.”

“नाही,” अनुपमा म्हणाली. “ही तिसरी. एकदा लग्नाआधी, एकदा नंतर.”

डॉक्टरांनी चष्मा काढला. “बाई, परत येणारी गाठ नुसती उचलून भागत नाही. भोवतालचं चांगलं मांसही घ्यावं लागतं. मागच्या वेळी हे कळलं असतं तर कदाचित हात वाचला असता. आता खांद्यापासून काढावा लागेल.”

काही महिन्यांनी नणंदेला, क्षमाला, बघायला घाटकोपरची मंडळी आली. सासूबाईंनी मुलाच्या रिकाम्या बाहीवर शाल टाकली. पाहुण्यांनी विचारलंच.

“मशिनीत सापडलो हात.”

अनुपमाने माणिकला खांद्यावर घेतलं आणि पुढे होऊन शाल काढली. “गाठ झाली होती. आम्ही ती लपवली, म्हणून हात गेला.”

चहावर साय धरली. पाहुणे उठले.

“माझ्या क्षमाचा वाटोळा केलंस गो!”

क्षमा रडत रडत कप गोळा करत होती. “आई, वहिनीने नाही केलं.”

नंदकुमार एका हाताने शालीची घडी घालू बघत होता. जमत नव्हतं. अनुपमाने दुसरं टोक धरलं.

तिन्हीसांजेला ती माणिकला तेल लावत बसली. उद्या ही विचारेल, बाबांचा हात कुठे गेला? तेव्हा या घरात कुणी आंब्याचं नाव काढणार नव्हतं. निदान ती काढू देणार नव्हती.