ऑकलंड वाटेवरच होतं

जगाला फेरी मारायचं तिकीट कशानं महाग होतं, ते मला इचारा. तोंडपाठ हाय. एकूण मैल किती, मुक्काम किती, सीझन कुठला, सुरुवात कुठल्या देशातनं. एकदा पूर्वेला तोंड केलं की पूर्वेलाच जायचं, माघारी फिरायचं न्हाई. आमच्या मालकांनीच थेरगावच्या घरात भिंतीवर नकाशा लावून मला हे शिकवलं. ते बोट ठेवायचे, मी दोरा धरून मैल मोजायची. काय कौतुक वाटायचं मला त्यांचं!

त्यांना जग बघायचं होतं. मला फकस्त ऑकलंड. तिथं माझी लेक स्नेहल राहती. तिनं जातीबाहेर लगीन केलं, त्याला धा वर्सं झाली. बापानं तिचं नाव टाकलं. नात सहा वर्सांची झाली, ती मी फोनवरच बघितली, ती बी मालक घरात नसताना. ताथवड्याला माझ्या माहेरचा प्लॉट होता. तो इकायला माझी सही पायजे होती, तवा मालक पहिल्यांदा म्हनले, "शालन, ऑकलंडला मुक्काम घेऊ. झालं गेलं सोडून देऊ." मी तिथल्या तिथं सही केली.

निघायचा दिवस आला नेमका अमावास्येचा. मग दोन दिवस आधी शेजारच्या दुर्गाबाईंकडं प्रस्थान ठेवायचं ठरलं. आमच्यात दिवस वाईट असला की सामान आधीच मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवत्यात, म्हंजे प्रवास सुरू झाला. मग ते पुन्हा घरात आनायचं न्हाई, तिथनंच निघायचं. मी दोन्ही बॅगांना हळदकुंकू लावलं, तिकिटालाबी लावावं म्हनून फाईल उघडली. नकाशातली इंग्रजी नावं मला आता वळखू येतात. सिंगापूर, सिडनी, सॅन फ्रान्सिस्को, लंडन. मी दोनदा बोट फिरवलं. ऑकलंड नव्हतंच.

"अवं, माझी लेक कुठाय ह्यात?"

मालक चपला शोधत होते. "मैल वाढत होते. भाव वरच्या टप्प्यात गेला असता, लाखाचा फरक."

आता मला शिकवता व्हय? दोरा मीच धरला होता की! सिडनीहून अमेरिकेला जाताना ऑकलंड वाटेवरच पडतं. मी तशीच रिक्षात बसले आन् डांगे चौक गाठला. तिथं माझ्या दिराचा मुलगा रणजीत तिकिटांचं ऑफिस चालवतो. मला बघून त्याचा चेहराच उतरला.

"रणजीत, ऑकलंड काढल्यानं किती वाचले?"

"काकू, ते..."

"किती?"

"भाव तोच आहे. टप्पा बदलतच नव्हता. विमानतळाचा कर काय तो थोडा." त्यानं मान खाली घातली. "व्हिसापण आला होता तुमचा. गेल्या आठवड्यात काका म्हणाले, ते गाव काढ आणि काकूला सांगू नको. एकदा विमानात बसली की ती कुठं जातीय?"

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. चाळीस वर्सं ह्या मानसाच्या ताटात आधी वाढलं. रागावला असता, नको म्हनला असता, तर भांडले असते. पर ह्यानं मला नकाशा शिकवून फसवलं!

"ह्या फेरीतनं माझं नाव काढ," मी म्हनलं. "मला एकटीला सरळ ऑकलंडचं तिकीट दे."

"ऐनवेळचं महाग पडेल, काकू."

"पडू दे. माहेरची जमीन इकलीय मी."

परत आले तर मालक बॅगा ठेवून दुर्गाबाईंच्या ओसरीवर बसलेले. "प्रस्थान झालं," ते म्हनले, "आता घरी चल, भूक लागलीय."

"बॅग घरात नेत न्हाईत. मीबी येत न्हाई. परवा हितनंच निघनार." आन् त्यांच्या देखत मी स्नेहलला फोन लावला. "बाळा, मी येतीय."

पलीकडं रडू फुटलं. मग तिनं हळूच इचारलं, "आई, आप्पा पण?"

मालकांनी झटकन वर बघितलं. डोळ्यांत पानी होतं त्यांच्या. मला दिसलं ते.

"न्हाई गं," मी म्हनलं. "त्यांच्या तिकिटात माघारी फिरता येत न्हाई."