गाणं बदललं नाही

बाळापूरच्या बसस्टँडसमोर सहदेवचं कॅसेटचं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाईक कोणती गाणी भरून मागतं यावरून तो त्याच्या घरातलं सांगायचा. बायको माहेरी गेली आहे, म्हैस आटली आहे, पोरीचं जमलं आहे, असं काहीही. निम्मं खोटं निघायचं, पण तो सांगायचा इतक्या ठसक्यात की लोक मान डोलवायचे. पुढे कॅसेट गेल्या, सीड्या गेल्या, दुकानही गेलं. गाणी मात्र त्याने जाऊ दिली नाहीत. गावोगावची भजनी मंडळं, लग्नातले बँड, उरुसातल्या कव्वाल्या, दंडारीच्या खेळांतली गाणी, त्याने स्वतः टेप घेऊन हिंडून भरलेलं सगळं आता घरच्या कॉम्प्युटरमध्ये होतं.

ते काम त्याच्या मुलाने, धर्मेंद्रने, करून दिलं होतं. धर्मेंद्रचं बी-बियाण्याचं कृषी केंद्र तेव्हा जोरात होतं. त्याने वरच्या खोलीत एक भारीपैकी रिसीव्हर आणून बसवला, दोन्ही बाजूंना स्पीकर उभे केले आणि खालच्या कॉम्प्युटरला वायफायने जोडून टाकलं. गाणी राहायची खाली, वाजायची वर. वर बसून रिमोटने बदला, नाहीतर खालून माऊसने बदला. वर काय वाजतंय, आवाज किती आहे, कोणी गाणं मध्येच पुढे ढकललं का, ते खाली पडद्यावर दिसायचं. "तुमी वर निवांत बसून आयका, बाबा," असं धर्मेंद्र म्हणाला होता. आता वर धर्मेंद्र बसलेला होता आणि खाली सहदेव.

झालं होतं असं, की त्या साली धर्मेंद्रने विकलेलं सोयाबीन उगवलंच नाही. कंपनीने हात वर केले. बियाणं कंपनीचं होतं, पण शब्द धर्मेंद्रचा होता. "माह्या भरोशावर पेरा," असं तो ज्याला त्याला म्हणाला होता. त्या भरोशावर पेरणाऱ्यांत नत्थुजी होते, पातूरकडच्या एका खेड्यातले, भजनी मंडळात ढोलकी वाजवणारे, सहदेवचे जुने दोस्त. त्यांनी दुबार पेरणी केली, तीही करपली, आणि पोळ्याच्या आधीच त्यांनी जीव दिला. धर्मेंद्र मयतीला गेला. तिथे कोणी त्याला एक शब्द बोललं नाही. कोणी चार शिव्या घातल्या असत्या तर पोरगा सावरला असता, असं मला आपलं वाटतं. तो घरी आला, दुकानाचं शटर ओढलं आणि जिना चढून वर गेला, तो वरच राहिला.

रागिणी, सहदेवची सून, शाळेत शिकवायची. तिनेच त्याला अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं, गोळ्या सुरू केल्या. सकाळी निघताना ती ताट वर ठेवून यायची, संध्याकाळी ते अर्धंमुर्धं खाली आणायची. एका रविवारी कोणाला न सांगता तिने वरच्या दाराची आतली कडी काढून टाकली. सहदेवला एवढंच म्हणाली, "मामाजी, मी घरी नसल्यावर लक्ष ठेवजा."

लक्ष ठेवायचं म्हणजे वर जायचं, पोराजवळ बसायचं, बोलायचं. आणि नेमकं तेच सहदेवला येत नव्हतं. या घरात बापलेक बाजारभावावर बोलले होते, पावसावर बोलले होते, कोणाच्या पोराने कोणाची पोरगी पळवली त्यावर तर पोटभर बोलले होते. पण "तुले काय होऊन राहिलं रे?" असं कोणी कोणाला कधी विचारलं नव्हतं. म्हणून सहदेवने गुडघेदुखी पुढे केली. आठवडी बाजारात जायला त्याला गुडघे होते, जिन्याला नव्हते. आणि गुडघ्यांची गरज तरी काय होती? समोर पडदा होता.

सहदेव सकाळी खालून गाणी लावून द्यायचा. धर्मेंद्र एकही पुरं ऐकायचा नाही. मुखडा झाला, एखादं कडवं झालं, की पुढे. सहदेवला आधी राग यायचा. इतक्या मेहनतीने भरलेली गाणी, आणि हा त्यांना माशीसारखा हाकलतो. मग एका दुपारी त्याच्या लक्षात आलं की गाणं बदलतंय म्हणजे बदलणारा आहे. तेव्हापासून त्याचा जीव त्या बदलण्यात गुंतला. गाणं बदललं की तो उठून चहा ठेवायचा, अंघोळ उरकायचा, कोपऱ्यावर जाऊन पानही खाऊन यायचा. पोराला काय हवं असेल ते ताडून तो नवी नवी गाणी पाठवायचा, आणि हे आमचं बोलणंच चाललं आहे, असं मनाला सांगायचा. दुधाची तहान ताकावर भागवण्यातला प्रकार. ताकही पुन्हा पातळच.

नत्थुजींच्या मंडळाचं एक भजन त्या गाण्यांत होतं. ते पुसायला सहदेवचा हात धजला नव्हता. यादीतून ते कधी आपोआप लागायचं, आणि ढोलकीवर पहिली थाप पडली की वरून कापलं जायचं. त्या वेळी सहदेव पडद्यापुढे मान खाली घालून बसायचा.

आणि मग एका मंगळवारी गाणी बदलेनाशी झाली. पहिलं पुरं वाजलं, दुसरं पुरं वाजलं, दुपारपर्यंत एकालाही धक्का लागला नाही. सहदेवचा आनंद गगनात मावेना. दुकानातली विद्या पुन्हा जागी झाली. कॅसेट दोन्ही बाजूंनी पुरी ऐकणाऱ्या माणसाचं मन ठिकाणावर असतं, हे तो उभा जन्म सांगत आला होता. संध्याकाळी रागिणी आली, तर पायातल्या चपलाही तिला काढू दिल्या नाहीत.

"आता गाणे पुरे आयकून राहिला तो. बरा होऊन राहिला पोट्टा."

"खरंच, मामाजी?"

"मले नाई समजत का गाण्यातलं?"

रागिणी दाराशीच बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. कित्येक दिवसांनी तिने रात्री शिरा केला. बुधवारीही गाणी पुरी वाजली. सहदेव त्या दिवशी बाजारात जाऊन गवारीच्या शेंगा घेऊन आला, कारण धर्मेंद्रला त्या आवडायच्या.

गुरुवारी दुपारी नत्थुजींचं भजन लागलं. सहदेवने मान खाली घातली आणि कापलं जाण्याची वाट पाहिली. ढोलकीची थाप पडली. कापलं गेलं नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, मंडळींच्या मागून नत्थुजींचा घोगरा आवाज वर चढला, आणि गाणं चालूच राहिलं. सहदेवने मान वर केली. हे गाणं आवडून ऐकण्यातलं नव्हतं. हे धर्मेंद्र ऐकूच शकत नव्हता.



वायफाय अडकलं असेल, म्हणून त्याने खालून दुसरं गाणं लावलं. छतातून ते लगेच ऐकू आलं. त्याने आवाज अगदी शून्यावर नेला. एरवी असं चुकून झालं की धर्मेंद्र वरून वाढवायचा. आकडा हलला नाही. त्याने गाणं बंद केलं आणि कान देऊन बसला. मग धर्मेंद्रच्या मोबाईलवर फोन लावला. घंटी वर वाजली, वाजत राहिली आणि थांबली. पुन्हा लावला. पुन्हा वाजली, पुन्हा थांबली.

तेव्हा कुठे त्याला कळलं की आपण काय केलं. पोरगा डोक्यावर एका छताच्या अंतरावर, आणि त्याची खुशाली आपण डबड्याला विचारत बसलो. दोन दिवस गाणी बदलली नाहीत, दोन दिवस वर काय झालं ते आपल्याला ठाऊक नाही, आणि आपण सुनेला हसत सांगितलं की तो बरा होतोय. सकाळी रागिणीने ताट ठेवलं तेव्हा तो पांघरूण घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. त्याला गेल्या सोमवारपासून नीट पाहिलं कोणी होतं?

सहदेव जिन्याकडे धावला. धावला म्हणजे हातांनी पायऱ्या धरून, गुडघे फरफटत वर गेला. मध्ये एकदा धोतर पायात आलं आणि हनुवटी पायरीवर आपटली. "धर्मा," असं तो ओरडत होता. वर पोचला तेव्हा दार ढकलायचं त्याच्याने होईना. दारामागे काय दिसेल, ते सगळं त्याला आधीच दिसलं होतं. नत्थुजी गेले त्या दिवशी त्यांच्या घरी त्याने तसं पाहिलं होतं.

त्याने दार ढकललं.

धर्मेंद्र भिंतीला टेकून बसला होता. डोळे उघडे होते. दाढी छातीपर्यंत आल्यासारखी वाटत होती, शर्ट दोन माणसांच्या मापाचा झाला होता. फोन त्याच्यापासून हातभर अंतरावर पडलेला, रिमोट मांडीजवळ. त्याने बापाकडे पाहिलं, हनुवटीवरचं रक्त पाहिलं, पण जागचा हलला नाही.

"फोन काहून नाई उचलला रे?" सहदेव दारातच खाली बसला. त्याला धाप लागली होती. "गाणं काहून नाई बदललं?"

धर्मेंद्र बोलला तेव्हा आवाज कित्येक दिवस न वापरल्यासारखा निघाला.

"तुमाले खाली दिसते ना कोणी बदललं तं. मीच बसवलं होतं ते, मले माहीत हाय. म्हणून बदलत होतो. मले गाण्याचं काही नव्हतं, बाबा. तुमी घाबरू नये म्हणून दाबत होतो."

सहदेवने धोतराच्या सोग्याने हनुवटी पुसली.

"मंगळवारपासून सोडून देल्लं," धर्मेंद्र म्हणाला. "म्हटलं, नाई दाबलं तं तुमी वर येता का पाहू. मंगळवारी नाई आले तुमी, कालबी नाई. खालून तुमच्या हसण्याचा आवाज आला."

"मले वाटलं तुले आवडून राहिले गाणे," सहदेव म्हणाला. बोलता बोलताच त्याला ते वाक्य इतकं भिकार वाटलं की तो रडायला लागला. बायको गेली तेव्हाही तो पोरासमोर रडला नव्हता. "मले वर यावं नाई वाटलं असं नाई रे. काय बोलावं तेच समजे नाई."

"मले तरी कुठं समजते."

खाली रस्त्यावरून एक ऑटो हॉर्न वाजवत गेला. धर्मेंद्रने रिमोट उचलून बापापुढे सरकवला. आता याची गरज उरली नाही, असं त्या सरकवण्यात होतं. सहदेव सरकत सरकत पोरापर्यंत गेला आणि त्याचा हात धरला. हात गार होता आणि लहान मुलाच्या हातासारखा हलका लागला.

"आज नसतो आलो तं?" त्याने विचारलं. विचारायचं नव्हतं, पण विचारल्याशिवाय राहवलं नाही.

धर्मेंद्र म्हणाला, "उद्या तुमची वाट पाहणार नव्हतो."

सहदेवने तो हात रागिणी शाळेतून घरी येईपर्यंत सोडला नाही.