ही गाडी नाही

बालवर्गाच्या बाईंचं पत्र आलं त्याला सात महिने झाले, आणि मी त्यांना साधं 'मिळालं' एवढंही कळवलं नव्हतं. पत्राच्या शेवटी एक विनंती होती: 'तिला दोन ओळी लिहाल का, की चूक तिची नव्हती?'

आयुष्यभर मी छापखान्यात मुद्रितं तपासली. दुसऱ्यांच्या चुका शोधण्यावर माझं पोट चाललं. निवृत्तीनंतर एकच पुस्तक लिहिलं, सोळा पानांचं, लहान मुलांना वाहनं ओळखता यावीत म्हणून. शब्द काटेकोर हवेत, हा माझा हट्ट. म्हणून प्रत्येक पानावर एक चित्र आणि खाली मोठ्या अक्षरात: ही बस. हा ट्रक. ही सायकल. ही गाडी. शेवटच्या पानावर माझी लाडकी ओळ: 'दोन्हीकडे बघ. गाडी नसेल तर रस्ता ओलांड.'

बाईंच्या वर्गात एक चार वर्षांची मुलगी आहे, तिला सगळे बटण म्हणतात. तिला हे पुस्तक तोंडपाठ. एके दिवशी शाळा सुटल्यावर ती रस्त्याच्या कडेला थांबली, दोन्हीकडे बघितलं. सायकल येत होती. सायकल म्हणजे पान पाच, गाडी म्हणजे पान आठ. गाडी नव्हती, म्हणून ती निघाली.

गुडघा फुटला, कोपर सोलवटलं. नशीब, तेवढंच. पण सायकलवाला म्हणाला, आई म्हणाली, मुख्य बाईही म्हणाल्या, 'बघून चालायचं ना गं!' आणि ती प्रत्येकाला सांगत राहिली, 'मी बघितलं होतं.' कुणालाच ते खरं वाटलं नाही. तेव्हापासून ती रस्त्यापाशी आली की पाऊलच उचलत नाही. पुस्तक पुन्हा चाळल्यावर वर्गाच्या बाईंच्या लक्षात सगळा प्रकार आला, आणि त्यांनी मला लिहिलं.

उत्तर लिहायला मी बसलोच नाही, असं नाही. 'गाडी' या शब्दाचा रूढ अर्थ, व्यापक अर्थ, 'वाहन' हा पर्याय मुलांच्या तोंडी का बसत नाही, अशी चार पानं भरली. थोरली बहीण, आमची आक्का, माझ्याकडेच राहते. तिनं खांद्यावरून डोकावून पाहिलं.

"कुणाला एवढं?"

"त्या मुलीला."

"चार वर्षांच्या पोरीला तळटिपा?"

"संदर्भ स्पष्ट नको व्हायला?"

"चुकलो म्हणायला संदर्भ कसला लागतो रे, शहाण्या? दुसऱ्याची चूक असली की तुला लाल पेन बरोब्बर सापडतं. स्वतःची असली की चार पानं!"

मी कागद खणात टाकले आणि खण लावून घेतला.

मागच्या आठवड्यात प्रकाशकांचा फोन आला. प्रती संपल्या, पुन्हा छापतोय, काही बदल? 'कळवतो' म्हणालो खरा, पण काय कळवणार? दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंना भेटायला निघालो. शाळेच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत फिरलो. असं दोनदा झालं.

तिसऱ्यांदा फाटक उघडलं ते आतून. बाई मुलांना समोरच्या बागेत घेऊन चालल्या होत्या. गाठी मारलेला लांब दोर, एकेका गाठीला एकेक मूल. वरात पलीकडे पोहोचली. अलीकडे राहिल्या शाळेच्या मावशी आणि एक गोलमटोल मुलगी.

"बटणराणी, आज तरी?"

तिनं मान हलवली. नाही.

मलाही बाईंना गाठायला पलीकडे जायचं होतं. मी तिच्याशेजारी उभा राहिलो.

"आजोबा, तुम्ही जाताय?"

"हो."

"बघितलं?"

मी पुस्तकाबरहुकूम दोन्हीकडे बघितलं. "बघितलं. गाडी नाही." आणि पाऊल खाली टाकलं.

सदरा मागून ओढला गेला. नाकासमोरून सायकल सणकन गेली.

"आजोबा, घरी सांगून आलात का?" सायकलवाला ओरडला.

मावशींचा जीव खालीवर झाला. "अहो, बघून चालावं की!"

"मी बघितलं होतं," माझ्या तोंडून निघून गेलं.

बटणनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. सदरा अजून तिच्या मुठीत होता.

"मावशी, त्यांनी खरंच बघितलं होतं," ती म्हणाली. "ते गाडी बघत होते. सायकल गाडी नसते."

"मग काय बघायचं गं?" मी विचारलं.

तिनं विचार केला. "चाकं. चाकं येत असली की थांबायचं."

"आणि बाबागाडी आली तर?" मावशी हसल्या.

"तिच्यात बाळ असतं. त्याच्यासाठी पण थांबायचं."

मी कोण, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. ती त्या दिवशी पलीकडे गेली नाही. मीही गेलो नाही. "जपून जा हां," म्हणून तिनं माझा सदरा सोडला.

घरी येऊन खण उघडला, ती चार पानं फाडली आणि कोऱ्या कागदावर तिच्या पुस्तकातल्यासारखी मोठी अक्षरं काढली:

'बटण, तू बघितलं होतंस. चूक पुस्तकात आहे आणि पुस्तक मी लिहिलंय. शाळेसमोर तू ज्याचा सदरा ओढलास, तोच मी. नव्या पुस्तकात तुझी ओळ छापू का? "हात धर. दोन्हीकडे बघ. चाकं येत नसतील तर रस्ता ओलांड." हात धरायचं मी विसरलोच होतो. हे पत्र बाई सगळ्यांसमोर वाचतील. मुख्य बाईंसमोरही.'

बाईंसाठी वेगळी चिठ्ठी: 'सात महिने उशीर झाला. कारण देत नाही.'

आक्कानं दोन्ही वाचलं. लिफाफा स्वतःच चिकटवला.

"थांब, एकदा शुद्धलेखन..."

"चपला घाल," आक्का म्हणाली.

ती टपालपेटीपर्यंत बरोबर आली, माझी खात्री नव्हती म्हणून. मी पत्र आत सोडलं. मग फटीत दोन बोटं घालून चाचपलं. हाताला काही लागलं नाही.