दुसरा रिमोट

माणसं जुनी नाणी जमवतात, पोस्टाची तिकिटं जमवतात. ते निदान चारचौघांत सांगता तरी येतं. नकल्या नकली टीव्ही गेम जमवायचा. अस्सल यंत्र कुणी फुकट दिलं तरी तो नाक मुरडणार. त्याला हवी त्याची नक्कल, कुठल्याशा निनावी कारखान्यात कुणाला न विचारता बनलेली. खोक्यावर भलंमोठं विमान आणि आत विमानाचा एकही खेळ नाही. कॅसेटवर छापलंय नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ, आणि मोजायला बसलं तर सात. असली त्रेचाळीस यंत्रं त्याच्या मागच्या खोलीत फळ्यांवर मांडलेली होती. मित्रांनी त्याचं नावच नकल्या पाडलं होतं आणि चाळिशी उलटली तरी ते काही सुटलं नव्हतं.

नोकरी विजेचे मीटर तपासायची. खात्रीच्या मीटरशेजारी दुसरा मीटर ठेवायचा, दोघांची चाल ताडून बघायची आणि पास की नापास ते ठरवायचं. घरी येऊन तो हेच करायचा, फक्त प्रेमाने. प्रत्येक यंत्राला दहापैकी गुण. चित्राला तीन, आवाजाला तीन, पहिल्या रिमोटच्या बटणांना दोन, खोक्याला एक. उरलेला एक गुण लबाडीचा, म्हणजे बनवणाऱ्याने किती सफाईने फसवलं त्याचा. एका यंत्राच्या पोटात त्याला लोखंडाची पट्टी सापडली होती. काम काही नाही, नुसती वजनाला. गिऱ्हाइकाने हातात घेतलं की माल भरीव वाटावा म्हणून. त्या कारागिराला त्याने तो गुण पुरा दिला आणि पुढचा आठवडाभर येईल-जाईल त्याला ती पट्टी दाखवत सुटला. दुसऱ्या रिमोटला मात्र गुणच नव्हते. वहीत त्याच्यासाठी एक रकाना होता, आहे किंवा नाही. खेळणारा हा एकटाच, दुसरा लावून बघायचा कुणासाठी?

हे वेड लागलं ते नवव्या वर्षी. वडील तो पाळण्यात असतानाच गेले. ताई बरीच मोठी, ती शिकायला बाहेरगावी. घरात तो आणि आई. आई पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टायपिस्ट होती आणि एका पगाराला तिने त्याला टीव्ही गेम आणून दिला. तोही अर्थात नकली, पण ते कळायला त्याला पुढे पाच वर्षं लागली. संध्याकाळी जिन्यात तिच्या चपला वाजल्या की तो टीव्ही लावून तयार. ती पर्स खुंटीला अडकवायची, पाय धुवायची आणि चहासुद्धा न घेता त्याच्याशेजारी सतरंजीवर बसायची. पहिला रिमोट त्याचा. खेळ सुरू करायचं बटण त्या पहिल्यालाच होतं, त्यामुळे तो तिला देण्याचा प्रश्नच नव्हता. दुसरा आईचा.

पडद्यावर दोन बाहुले. हिरवा त्याचा, तांबडा आईचा. हिरवा धावायचा, उड्या मारायचा, फळं गोळा करायचा. तांबडा जागचा हलायचा नाही. वरून धोंडा यायचा आणि तांबडा चपटा. आई दोन्ही अंगठ्यांनी बटणं दाबदाबून घामाघूम झालेली असायची.

"अगं आई, उडी मार ना!"

"मारतेय रे! ऐकतच नाही मेला!"

तो हसून हसून गडबडा लोळायचा. मग तीही हसायची. रोज अर्धा तास हा तमाशा चालायचा. त्याला आजही विचारलं तर तो सांगेल की जन्मात इतकं सुख त्याला पुन्हा मिळालं नाही, आणि ते खरंही असेल. वर्षभराने चार्जरमधून धूर निघाला आणि खेळ संपला. यंत्र भंगारात गेलं असणार, असं तो धरून चालला होता.

ते निघालं आईच्या माळ्यावर, शनिवारी दुपारी, सामान बांधताना. आईचं घर आवरायचं ठरलं होतं. त्या इमारतीत आता सगळा कारभार फोनवर गेला होता. खालचं दार फोनने उघडायचं, गॅस फोनने मागवायचा, बँकही फोनमध्येच. ताईने दिलेला नवा फोन आईने वर्षभर कपाटात रुमालात गुंडाळून ठेवला होता. दोनदा ती बाजारातून येऊन खालच्या दारापाशी तासभर ताटकळत उभी राहिली, कुणीतरी बाहेर येईपर्यंत. दुसऱ्या वेळी ताईने हे ऐकलं आणि फर्मान काढलं, की आता एकटीने राहणं पुरे, माझ्याकडे ये. रविवारी सकाळी ती गाडी घेऊन येणार होती.

"मनातून जायचं नाही रे मला," आई त्याला म्हणाली होती. "ह्या दोन खोल्यांत अंधारातसुद्धा माझा हात नेमका जागेवर जातो. पण बटणाचं काही आलं की माझं डोकंच चालत नाही. काय करणार?"

त्याने मान डोलावली होती. खोटं कशाला बोला, त्याला जरा हायसंच वाटलं होतं.

आता खोका सापडल्यावर मात्र सामान बांधणं राहिलं बाजूला. त्याने आईला चहाला म्हणून आपल्या घरी आणलं आणि तिला खुर्चीत बसवून यंत्र टेबलावर घेतलं. बाहेरून पिवळं पडलं होतं, जुन्या दातांसारखं. त्याने धूळ झटकली, दुसरा चार्जर लावला, जुना टीव्ही सुरू केला. आधी खरखर, मग काळोख, आणि मग ती धून. तीच, मध्येच एक सूर गिळणारी.

"अगंबाई!" आई खुर्चीतून उठलीच. "अजून गातंय हे?"

ती खाली सतरंजीवर बसायला लागली तेव्हा गुडघ्यांनी कुरकुर केली, पण बसली. त्याने न बघताच पहिला रिमोट स्वतः घेतला आणि दुसरा तिच्या हातात दिला. हिरवा धावला. तांबडा उभा राहिला. धोंडा आला. दोघंही इतके हसले, की त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं.

आईने डोळे पुसले आणि रिमोट खाली ठेवला. "बघ. बत्तीस वर्षं झाली, तरी तश्शीच्या तश्शी. म्हणून म्हणते, ताईकडे गेलेलंच बरं."

ती हे अगदी सहज बोलली. पण त्याचं हसू थांबलं.

मीटरच्या कामात एक गोष्ट पहिल्या आठवड्यात शिकवतात. मीटर थोडं कमी किंवा थोडं जास्त दाखवत असेल तर बघणाऱ्याचं काही चुकलंय का तेही तपासायचं. अजिबातच हलत नसेल तर दोष मीटरमध्ये. आईचा बाहुला कधी चुकीचा धावला नव्हता, कधी भलतीकडे उडाला नव्हता. तो कधी हललाच नव्हता.

त्याने तिचा रिमोट उचलून बटणं दाबली. तांबडा ढिम्म. त्याने यंत्र बंद केलं आणि पाठीचे पाच स्क्रू काढले. पहिल्या रिमोटच्या खाचेपासून पाच तारा निघून सर्किटच्या पट्टीवर सोल्डर केलेल्या होत्या. दुसऱ्या रिमोटची खाच नुसती गोंदाने चिकटवलेली. तिच्यातून एकही तार निघाली नव्हती. पट्टीवर तिच्यासाठी पाच भोकं होती, स्वच्छ आणि कोरी. तार असून तुटली असती तर सोल्डरचा ठिपका तरी राहिला असता. इथे कधी कुणी काही जोडलंच नव्हतं. एरवी असल्या सफाईला त्याने लबाडीचा पुरा गुण देऊन टाकला असता. आज वहीकडे हात गेला नाही.

"काय झालं रे? बिघडलं?"

"नाही आई. हा रिमोट... हा जोडलेलाच नाहीये. पहिल्यापासून. दिखाऊ आहे नुसता. तू काहीही दाबलं असतंस तरी बाहुला हलणार नव्हता."

आईने उघड्या यंत्रात डोकावून पाहिलं. कोऱ्या भोकांवरून तिने बोट फिरवलं.

"ऑफिसात कॉम्प्युटर आले ना," ती म्हणाली, "तेव्हा साहेबांनी पहिलं नाव माझं घातलं होतं शिकायला. टायपिंगला माझ्यासारखा हात कुणाचाच नव्हता. मी नाही म्हटलं."

"का?"

"का म्हणजे? घरी रोज बघत होते ना मी माझं! पोरांच्या खेळातलं एक बाहुलं हलत नाही माझ्याच्याने, तिथे ते कॉम्प्युटर काय चालवणार? मग टपाल विभागात टाकलं मला. रिटायर होईपर्यंत पाकिटं चिकटवली." तिचा आवाज चढला. "आणि तू हसायचास! एकदा, एकदा तरी तो पहिला माझ्या हातात द्यायचास रे!"

तो नऊ वर्षांचा होता हे खरं, पण मघाशी तो एकेचाळीस वर्षांचा होता आणि मघाशीही त्याने तेच केलं होतं.

"चुकलं माझं, आई," तो म्हणाला.

त्याने पाच तारा कापल्या, सोलल्या आणि जोडल्या. दहा मिनिटांचं काम. पाठ पुन्हा बसवून त्याने यंत्र सुरू केलं आणि पहिला रिमोट आईपुढे धरला.

"हा नको," आई म्हणाली. "माझाच दे."

तांबडा बाहुला एक पाऊल चालला. आईने श्वास रोखला. मग तो पळाला, खड्ड्यात पडला, पुन्हा आला, पुन्हा पडला. तिसऱ्यांदा धोंडा आला आणि तांबड्याने उडी मारली. आई ओरडली नाही की टाळी वाजवली नाही. तिची पाठ ताठ झाली, नजर पडद्यावर खिळली आणि बोटं भराभर पडायला लागली, न बघता, एकेकाळी टाइपरायटरवर पडत असतील तशी. ही आई नकल्याने पाहिलीच नव्हती. ऑफिसात असताना ती अशी दिसत असणार, हे त्याच्या आत्ता ध्यानात येत होतं.

रविवारी सकाळी ती स्वतःच्या घरी टेबलाशी बसली. कपाटातला फोन बाहेर काढून चार्जिंगला लावला, रुमाल घडी करून ठेवला आणि त्याला बजावलं, "हात लावायचा नाही. तोंडसुद्धा उघडायचं नाहीस."

पाऊण तास लागला. आधी फोनने घड्याळ दाखवलं, मग तिचाच फोटो काढला, मग दातांच्या डॉक्टरांना फोन लागला आणि आईने त्यांची रीतसर माफी मागितली. नकल्या दोन्ही हात काखेत घट्ट दाबून उभा होता. शेवटी पडद्यावर ताईचा चेहरा आला. गाडी रस्त्याच्या कडेला थांबवलेली. ताईला इकडून दिसत होतं आईचं कपाळ आणि वरचा पंखा.

"गाडी परत फिरव," आई पंख्याच्या खालून म्हणाली. "मी येत नाहीये."

ताई घाबरलीच. "आई? काय झालं? आणि हा फोन कुणी लावून दिला तुला?"

आईने एकवार नकल्याकडे पाहिलं.

"कुणी म्हणजे?" ती म्हणाली. "मी लावला."