सासरेबुवांच्या नावाचा कोळी

संग्रहालयाच्या संचालकांना घराच्या माळ्यावर कोळी दिसला आणि एकदम सासरेबुवा आठवले. सासरेबुवा म्हणजे आधीचे संचालक. उभा जन्म कोळ्यांच्या अभ्यासात काढलेला माणूस. जावईबापूंना खुर्ची कुणाच्या कृपेने मिळाली, हे शिपायालाही ठाऊक होतं. तेव्हा ही कोळ्याची नवीच जात म्हणून जाहीर करायची आणि तिला सासऱ्यांचं नाव द्यायचं, असा बेत शिजला. जामच्या बाटलीत कोंबलेला तो जीव संचालकांनी कोळीतज्ज्ञ बाईंच्या टेबलावर आणून आदळला.

"नवीनच जात आहे. जाळं अगदी नरसाळ्यासारखं होतं!"

"या कुळात सगळ्यांचंच तसं असतं, सर. जात ठरवायला सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं लागेल."

"पाहा की! नामकरणाचा सोहळा शुक्रवारी आहे."

बाईंनी कपाळावर हात मारला. मादी होती, पूर्ण वाढलेली. डोळ्यांच्या रांगा, पोटाखालचं जननेंद्रिय, सगळं त्यांनी जुन्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. तसूभर फरक नाही. घरोघरी झाडूने झटकतात, तीच जात.

"काहीतरी वेगळं असेलच ना?" संचालक काकुळतीला आले.

"आहे. पाय सातच आहेत."

"बघा! मी म्हणत नव्हतो?"

"आठवा तुमच्या झाकणात चिरडलाय, सर."

संचालकांचं तोंड उतरलं, सोहळा मात्र ठरल्याप्रमाणे झाला. "तुम्ही गप्प राहायचं," असं त्यांनी बाईंना बजावलं होतं. बाईही नोकरी जाईल या भीतीने मान खाली घालून बसल्या.

सासरेबुवांनी भाषणाची वाट पाहिली नाही. थेट सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"ही तर माझ्या न्हाणीघरात असते. नवीन कोण म्हणालं?"

"बाईच म्हणाल्या," जावईबापू बेधडक बोलले.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्या भर सभेत उठल्या.

"मी घरातलीच जात म्हटलं होतं. नवीन आहे, असं सर म्हणाले."

"वाटलंच," सासरेबुवा म्हणाले. "जावईबापूंची पारख कच्ची आहे, हे मी लग्नातच लेकीला सांगितलं होतं."

खुर्ची काही हलली नाही; शेवटी लेकीचा संसार होता. बदली झाली ती बाईंची, भुसा भरलेल्या पक्ष्यांच्या दालनात. तिथे कुणी विचारलं, "हा कुठला पक्षी?" की बाई पाटी वाचून दाखवतात आणि गोड हसून म्हणतात,

"नाव संचालकांनी ठरवलंय. पक्षी असावा."